सिनेटरांनी दिलेली कारणं कशी तपासायची: महाभियोगाच्या मतामागचा कायदा

प्रश्न असा आहे: अमेरिकी सिनेटमध्ये महाभियोगाचा खटला संपताना प्रत्येक सदस्य जागेवर उभा राहून ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढंच म्हणतो. नंतर मात्र पानंच्या पानं भरून कायदेशीर कारणं दिली जातात. ती खरी मानायची, की मत आधीच ठरलेलं असतं आणि कारणं मागाहून जमवली जातात? तपासायची असतील तर कशी?

पुष्कळदा मागाहून जमवली जातात. पण म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीत. सिनेटर जे कारण निवडतो ते त्याला पुढच्या खटल्यात अडकवतं. ‘पद सोडलेल्या माणसावर खटला चालत नाही’ असं आज लिहून दिलं, तर दहा वर्षांनी विरोधी पक्षाचा माणूस त्या जागी उभा असताना तेच वाक्य समोर येतं. त्यामुळे हेतू शोधत बसण्यापेक्षा त्यानं नेमकं कुठलं कारण घेतलं, त्याला कुठे बांधून घेतलं आणि काय मुद्दाम मोकळं सोडलं, हे पाहणं जास्त कामाचं.

‘निर्दोष’ या एका उत्तरात पाच वेगवेगळी उत्तरं दडलेली असू शकतात. सिनेटला हा खटला चालवायचा अधिकारच नाही. अधिकार आहे, पण आरोप जसाच्या तसा खरा धरला तरी तो महाभियोगाच्या पायरीचा नाही. पायरीचा आहे, पण सिद्ध झालेला नाही. सिद्ध झाला असेल, पण आरोपकलम (प्रतिनिधीगृहानं मांडलेला एकेक लेखी आरोप) सदोष आहे किंवा प्रक्रिया न्याय्य नव्हती. आणि शेवटचं: सगळं मान्य, तरी या माणसाला आत्ता पदावरून काढणं देशहिताचं नाही. साध्या न्यायालयात हे प्रश्न वेगवेगळ्या टप्प्यांवर, वेगवेगळ्या आदेशांनी सुटतात. सिनेटमध्ये ते बहुतेक वेळा शेवटच्या एका शब्दात गोळा होतात. निवेदन हातात घेतल्यावर यातल्या कुठल्या प्रश्नावर सिनेटर थांबला, ते समासात लिहून ठेवावं. निम्मं काम तिथेच होतं.

राज्यघटनेतला मजकूर थोडा आहे. पहिल्या अनुच्छेदानुसार आरोप ठेवण्याचा अधिकार फक्त प्रतिनिधीगृहाचा, खटला चालवण्याचा फक्त सिनेटचा. खटल्यासाठी बसताना सिनेटर वेगळी शपथ घेतात. राष्ट्राध्यक्षावर खटला असेल तर सरन्यायाधीश अध्यक्षस्थानी असतात. दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात. शिक्षा फक्त दोन, पदावरून काढणं आणि पुढे पद भूषवायला अपात्र ठरवणं. तुरुंग वगैरे हवं असेल तर ते नेहमीच्या न्यायालयात. दुसऱ्या अनुच्छेदाच्या चौथ्या विभागात कारणं दिली आहेत: देशद्रोह, लाचखोरी आणि ‘अदर हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ (इतर गंभीर अपराध आणि गैरवर्तन). पुराव्याची कसोटी काय, सिनेटर हा ज्युरी की न्यायाधीश, आरोपकलम किती नेमकं हवं, याबद्दल घटना गप्प आहे. न्यायालयंही ही पोकळी भरत नाहीत. न्यायाधीश वॉल्टर निक्सन यांच्या प्रकरणात 1993 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सिनेटनं खटला कसा चालवावा हा न्यायालयानं तपासण्याचा विषय नाही. अपील नाही, फेरतपासणी नाही. म्हणून सिनेटरांची निवेदनं हाच या क्षेत्रातला बराचसा ‘निकालसंग्रह’ आहे.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो अधिकारक्षेत्राचा मुद्दा, आणि त्यामागे साधं अंकगणित आहे. अधिकारक्षेत्रावर स्वतंत्र मतदान झालं तर ते साध्या बहुमतानं सुटतं. अंतिम मताला मात्र दोन-तृतीयांश लागतात. म्हणजे अधिकारक्षेत्राच्या मतदानात हरलेला गट शेवटच्या मतदानात एक-तृतीयांशाहून थोडा जास्त असला, तरी तोच मुद्दा धरून आरोपीला सोडवू शकतो. 1876 मध्ये हेच घडलं. युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांनी लष्करी ठाण्यावरच्या दुकानाच्या परवान्यातून पैसे घेतल्याचा आरोप होता. 2 मार्चला त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच दिवशी प्रतिनिधीगृहानं आरोप मंजूर केला. सिनेटनं 37 विरुद्ध 29 मतांनी ठरवलं की राजीनामा दिला तरी खटला चालेल. पुढे अंतिम मतदानात कुठल्याच आरोपकलमाला 37 च्या वर मतं गेली नाहीत. विरोधात 25 पडली, आणि त्यातल्या बहुतेकांनी कारण दिलं ते अधिकारक्षेत्राचंच. पुराव्याबद्दल त्यांचं म्हणणं जवळजवळ काही नव्हतं. ‘बेलनॅप निर्दोष सुटले’ हे वाक्य म्हणून बरोबर आणि दिशाभूल करणारं, दोन्ही आहे.

2021 चा खटला त्याच वळणावर आला. 13 जानेवारीला प्रतिनिधीगृहानं डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर 232 विरुद्ध 197 मतांनी बंडाला चिथावणी दिल्याचा आरोप ठेवला; 20 तारखेला त्यांची मुदत संपली. 9 फेब्रुवारीला सिनेटनं 56 विरुद्ध 44 मतांनी अधिकारक्षेत्र मान्य केलं. 13 फेब्रुवारीला अंतिम मतदान 57 विरुद्ध 43 झालं, 67 हवी होती. या चार दिवसांत दोन सिनेटरांनी घेतलेल्या भूमिका शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

नॉर्थ कॅरोलायनाचे रिचर्ड बर यांनी 9 तारखेला अधिकार नाही म्हणून मत दिलं आणि 13 तारखेला ‘दोषी’ म्हणाले. त्यांचं कारण असं: सिनेट ही पायंड्यांवर चालणारी संस्था आहे, सभागृहानं बहुमतानं प्रश्न सोडवला, आता माझं वैयक्तिक मत बाजूला ठेवून मला पुराव्याकडे पाहिलं पाहिजे. मिच मॅकॉनेल यांनी उलट वाट धरली. ‘निर्दोष’ मत दिल्यावर काही मिनिटांतच त्यांनी भाषणात ट्रम्प यांना 6 जानेवारीच्या संसदभवनावरच्या हल्ल्यासाठी व्यवहारतः आणि नैतिकदृष्ट्या जबाबदार धरलं, पण माजी राष्ट्राध्यक्ष घटनेच्या कक्षेत येत नाही म्हणून आपलं मत तसं पडलं असं सांगितलं. दोन्ही भूमिका तर्कानं उभ्या राहतात. अनेक न्यायाधीशांच्या पीठापुढेही हा पेच येतोच: प्राथमिक मुद्द्यावर अल्पमतात गेलेल्या न्यायाधीशानं पुढचे मुद्दे बहुमताचा निर्णय धरून सोडवायचे, की शेवटपर्यंत आपल्याच मताला चिकटायचं? माझ्या मते बर यांची वाट संस्थेच्या दृष्टीनं जास्त सुसंगत आहे, कारण नाहीतर स्वतंत्र मतदान घेण्याला काही अर्थच उरत नाही. पण बेलनॅपचा दाखला मॅकॉनेल यांच्या बाजूचा आहे, हे नाकारता येत नाही. एक बारकावा मात्र सुटू नये. मॅकॉनेल यांनी फक्त अधिकारक्षेत्रावर मत टेकवल्यामुळे, भाषण म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा घटनादत्त आविष्कारस्वातंत्र्याचा हक्क आहे, हा बचावपक्षाचा युक्तिवाद त्यांच्या मतानं मंजूर झाला असं कुणी म्हणू शकत नाही. 43 ‘निर्दोष’ मतांची मोजदाद करताना निवेदनं न वाचता ‘सिनेटनं चिथावणीचा आरोप फेटाळला’ असं लिहिणारे नेमके इथेच घसरतात.

दुसरा प्रश्न, आरोप पायरीचा आहे का. इथे जुना वाद एकच: महाभियोगाला कायद्यातला गुन्हा लागतो की नाही? 1787 च्या घटना परिषदेत जॉर्ज मेसन यांनी ‘गैरकारभार’ हे कारण घालायचं सुचवलं. मॅडिसन यांनी आक्षेप घेतला की शब्द इतका सैल आहे की राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर पदावर राहील. मग मेसन यांनी तो मागे घेऊन आजचा शब्दप्रयोग सुचवला. गुन्हा हवाच म्हणणारे मॅडिसनच्या आक्षेपावर बोट ठेवतात. नको म्हणणारे 1804 चं पिकरिंग प्रकरण दाखवतात. न्यायाधीश जॉन पिकरिंग यांच्यावर दारूच्या अमलाखाली कामकाज चालवल्याचा आरोप होता, मानसिक संतुलन ढळल्याचं त्यांच्या बाजूनंच मांडलं गेलं, आणि तरी त्यांना काढलं. पण त्या दाखल्यात एक मेख आहे. मतदानाचा प्रश्न ‘आरोपात म्हटल्याप्रमाणे दोषी आहेत का’ असा ठेवला गेला. ते वर्तन घटनेतल्या पायरीचं आहे का, हे विचारलंच नाही. काही सिनेटर त्यावर नाराज होऊन मतदानाआधी निघून गेले. त्यामुळे पिकरिंगचा हवाला देणारं निवेदन दिसलं की प्रश्नाची ही घडण त्यात नोंदली आहे का, ते पाहावं. नसेल तर लिहिणाऱ्यानं दाखला अर्धाच वाचला आहे.

गुन्हा हवाच, या मताची सगळ्यात भक्कम मांडणी 1868 मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या खटल्यात त्यांचे वकील बेंजामिन कर्टिस यांनी केली. ते स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. 2020 मध्ये ट्रम्प यांच्या पहिल्या महाभियोग खटल्यात ॲलन डर्शोविट्झ यांनी बचावात त्याचाच आधार घेतला. प्रतिनिधीगृहानं युक्रेनच्या रोखलेल्या 39.1 कोटी डॉलरच्या मदतीवरून आरोप ठेवताना कुठलाही फौजदारी गुन्हा नावानिशी लावला नव्हता. ‘सत्तेचा गैरवापर’ एवढंच म्हटलं होतं. आरोपकलम लिहिताना लाचखोरीसारखा घटनेत थेट असलेला शब्द टाळला की बचावपक्षाला ही फट मिळते. लिहिला तर त्या गुन्ह्याचे सगळे घटक सिद्ध करायची जबाबदारी येते. आरोपकलम लिहिणाऱ्याला दोन्हीपैकी एक तोटा सोसावाच लागतो.

जॉन्सन खटल्यातलंच सिनेटर जॉन शर्मन यांचं मत जवळून पाहिलं तर चांगलं कायदेशीर समर्थन कसं दिसतं ते कळतं. टेन्युअर ऑफ ऑफिस ॲक्ट या 1867 च्या कायद्यानं मंत्र्यांना संरक्षण होतं ते ‘ज्या राष्ट्राध्यक्षानं नेमलं त्याची मुदत आणि पुढे एक महिना’ एवढं. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना लिंकननी नेमलं होतं. मग जॉन्सननी त्यांना काढणं हा भंग होतो का? कायदा मंजूर होताना शर्मन यांनीच सभागृहात सांगितलं होतं की स्टँटनसारख्या मंत्र्यांना तो लागू होणार नाही. खटल्याच्या वेळी ते रिपब्लिकन, जॉन्सनच्या विरोधातले, आणि हे जुनं भाषण छापील नोंदीत उभं. त्यांनी ते झटकलं नाही. स्टँटनना काढण्याच्या पहिल्या आरोपकलमावर आपण ‘दोषी’ म्हणू शकत नाही असं त्यांनी स्पष्ट केलं. पण स्टँटनच्या जागी लोरेन्झो थॉमस यांची हंगामी नेमणूक हे वेगळं कृत्य; त्याच कायद्याच्या सहाव्या विभागात बेकायदा नेमणुकीलाही ‘हाय मिसडिमीनर’ म्हटलं होतं. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या आरोपकलमावर त्यांनी ‘दोषी’ मत दिलं. निष्कर्ष पटो न पटो, यात चार गोष्टी आहेत: कायद्याचा नेमका मजकूर, आपलंच अडचणीचं जुनं विधान, एका कृत्यापासून दुसरं वेगळं काढणं, आणि आरोपकलमागणिक वेगळं उत्तर. परिणामही झाला. पहिलं कलम टिकणार नाही हे दिसल्यामुळे अभियोगाच्या बाजूनं अकरावं आरोपकलम आधी मताला टाकलं. 16 मे 1868 रोजी 35 विरुद्ध 19, एका मतानं हुकलं. 26 मे रोजी दुसऱ्या-तिसऱ्यावर पुन्हा तेच आकडे. पहिल्यावर मतदान झालंच नाही.

सात रिपब्लिकन सिनेटरांनी तेव्हा पक्ष सोडून ‘निर्दोष’ मत दिलं. त्यातले फेसेंडेन आणि ट्रंबुल यांची लेखी मतं आजही वाचावीत, कारण ती जॉन्सनची बाजू घेत नाहीत. ट्रंबुल यांचा भर पुढच्या काळावर होता: तात्कालिक क्षोभ ओसरल्यावर अपुरी वाटतील अशा कारणांनी एकदा राष्ट्राध्यक्षाला काढलं, तर प्रतिनिधीगृहाच्या बहुमताशी आणि सिनेटच्या दोन-तृतीयांशांशी न पटणारा कुठलाच राष्ट्राध्यक्ष सुरक्षित राहणार नाही. याच्या नेमकं उलट टोक चार्ल्स समनर यांचं. त्यांच्या लेखी महाभियोग ही राजकीय कार्यवाही होती आणि फौजदारी वकिलांच्या तांत्रिक कसरतींना तिथे जागा नव्हती. पुढच्या दीडशे वर्षांतली बहुतेक निवेदनं या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बसतात.

पुराव्याची कसोटी हा तिसरा प्रश्न, आणि इथे सिनेटनं ठरवून काहीच ठरवलेलं नाही. 1986 मध्ये न्यायाधीश हॅरी क्लेबॉर्न यांच्या वकिलांनी ‘वाजवी संशयापलीकडे’ ही कसोटी सगळ्यांना बंधनकारक करा अशी मागणी केली. ती 17 विरुद्ध 75 मतांनी फेटाळली गेली. प्रत्येक सिनेटरनं आपली कसोटी आपण ठरवायची, हीच रीत कायम राहिली. (क्लेबॉर्न तेव्हा करचुकवेगिरीच्या शिक्षेमुळे तुरुंगात होते आणि राजीनामा देत नसल्यानं पगार चालू होता. सिनेटची घाई समजण्यासारखी आहे.) त्याच खटल्यात तिसरं आरोपकलम असं होतं की न्यायालयानं दोषी ठरवलं हीच पदच्युतीची पुरेशी सबब आहे. ते दोन-तृतीयांशांपर्यंत पोचलं नाही. सिनेटनं वस्तुस्थिती स्वतः तपासली पाहिजे, ज्युरीच्या निकालावर शिक्का मारायचा नाही, असा त्याचा अर्थ निघतो. आणि तो दोन्ही बाजूंनी लागतो: न्यायाधीश ॲल्सी हेस्टिंग्ज यांना 1983 मध्ये ज्युरीनं निर्दोष सोडलं होतं, तरी 1989 मध्ये सिनेटनं पहिल्या आरोपकलमावर 69 विरुद्ध 26 मतांनी दोषी धरलं. अपात्र मात्र ठरवलं नाही. 1992 मध्ये ते प्रतिनिधीगृहावर निवडून आले.

मग निवेदनात काय शोधायचं? सिनेटरनं कसोटी नावानं सांगितली आहे का: वाजवी संशयापलीकडे, स्पष्ट व खात्रीलायक पुरावा, की संभाव्यतेचं पारडं? आणि ती कसोटी घटनांकडे वळण्याआधी सांगितली की निष्कर्ष काढून झाल्यावर? मागाहून आलेली कसोटी बहुधा निष्कर्षाच्या मापानं कापलेली असते. 1999 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या खटल्यात सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांनी स्कॉटिश कायद्यातला ‘सिद्ध झाले नाही’ हा तिसरा निकाल वापरायचा प्रयत्न केला. नोंद ‘निर्दोष’ अशीच झाली, कारण नियमांत दोनच उत्तरं आहेत. लोक हसले, पण भूमिका म्हणून ती स्वच्छ होती: मी तिसऱ्या प्रश्नावर थांबतोय, चौथ्या-पाचव्यावर नाही, एवढं त्यातून कळलं.

त्याच खटल्यात आणखी एक गोष्ट नक्की झाली. अभियोक्ते, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या वतीनं खटला चालवणारे सदस्य, सिनेटरांना वारंवार ‘ज्युरी’ म्हणत होते. सिनेटर टॉम हार्किन यांनी हरकत घेतली आणि सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी ती मान्य केली: सिनेट ही नुसती ज्युरी नाही, ती न्यायालय आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की कायदा काय, हे ठरवण्याची जबाबदारी सिनेटरवरच येते. ‘कायदा न्यायाधीश सांगतील, मी फक्त घटना पाहतो’ असं त्याला म्हणता येत नाही.

आरोपकलमाच्या घडणीवरचे आक्षेप कंटाळवाणे वाटतात, पण मतं फिरवतात. 1936 मध्ये न्यायाधीश हाल्स्टेड रिटर सहा आरोपकलमांवर सुटले आणि सातव्यावर 56 विरुद्ध 28 नं दोषी ठरले, 84 हजर सदस्यांच्या अगदी काठोकाठ दोन-तृतीयांश. सातव्यात आधीचेच आरोप एकत्र बांधून ‘न्यायालयाची बदनामी झाली’ असं म्हटलं होतं. वेगवेगळे सुटे आरोप सिद्ध झाले नाहीत तर त्यांची मोळी कशी सिद्ध होते, हा हरकतीचा मुद्दा तिथल्या तिथे फेटाळला गेला. 1986 च्या नियमांनी आरोपकलमाचे मतदानासाठी तुकडे पाडता येणार नाहीत हेही स्पष्ट केलं. म्हणून एकत्र बांधलेल्या कलमावर ‘दोषी’ म्हणणाऱ्या 67 जणांनी 67 वेगळ्या गोष्टी खऱ्या धरल्या असतील, आणि ते कळायला निवेदनांखेरीज मार्ग नाही. 2010 मध्ये न्यायाधीश थॉमस पोर्टियस पहिल्या आरोपकलमावर 96-0 नं दोषी ठरले. दुसऱ्यावर आकडा 69-27 वर आला. दुसऱ्यात ते राज्याच्या न्यायालयात असतानाचं, म्हणजे संघीय पदावर येण्याआधीचं वर्तनही आलं होतं. ज्या 27 जणांनी तिथे ‘निर्दोष’ म्हटलं त्या सगळ्यांनी काही क्षणांपूर्वी त्यांना ‘दोषी’ ठरवलं होतं. ती मतं माणसाला वाचवण्यासाठी नव्हती, कलमावरची होती.

प्रक्रियेच्या तक्रारीबद्दल मी थोडा कडक आहे. ‘प्रतिनिधीगृहानं चौकशी अर्धवट केली, साक्षीदार आणले नाहीत, म्हणून निर्दोष’ हे कारण तेव्हाच टिकतं, जेव्हा त्या सिनेटरनं सिनेटच्या अधिकारातून ती उणीव भरून काढायला मत दिलेलं असतं. 31 जानेवारी 2020 रोजी साक्षीदार बोलावण्याचा प्रस्ताव 49 विरुद्ध 51 नं पडला. विरोधात मत देऊन पाच दिवसांनी पुरावा अपुरा म्हणणाऱ्यांची निवेदनं त्या मतदानाशेजारी ठेवून वाचली की जोड उघडी पडते. उलट मिट रॉमनी यांनी साक्षीदारांच्या बाजूनं मत दिलं, सत्तेच्या गैरवापराच्या पहिल्या आरोपकलमावर ‘दोषी’ म्हटलं (48-52), आणि काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) अडथळा आणल्याच्या दुसऱ्यावर ‘निर्दोष’ (47-53), कारण प्रतिनिधीगृहानं न्यायालयात जायचे मार्ग संपवले नव्हते. प्रक्रियेचा आक्षेप इथे फक्त त्या आरोपाला चिकटला आहे ज्यात प्रक्रिया हाच विषय होता. असा वापर योग्य.

पाचवं कारण, ‘सगळं खरं, पण काढायचं नाही’, याच्याशी घटनेच्या मजकुराचं जमत नाही. दुसऱ्या अनुच्छेदात दोषी ठरल्यावर पदावरून ‘काढले जाईल’ असं आहे. 1936 पासून सिनेट पदच्युतीवर वेगळं मतदानही घेत नाही, दोषसिद्धीबरोबर ती आपोआप होते. वेगळं मतदान होतं ते अपात्रतेवर, आणि त्याला साधं बहुमत पुरतं. त्यामुळे ‘दोषी, पण राहू द्या’ असा निकाल उपलब्धच नाही. ज्याला तो हवा असतो तो ‘निर्दोष’ म्हणतो आणि निवेदनात खुलासा करतो. 1999 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट रॉबर्ट बर्ड यांनी क्लिंटन यांचं वर्तन महाभियोगाच्या पायरीचं आहे असं मान्य करून, काढणं देशाला घातक ठरेल म्हणून दोन्ही आरोपकलमांवर ‘निर्दोष’ मत दिलं. 2020 मध्ये फ्लोरिडाचे रिपब्लिकन मार्को रुबियो यांनी लिहिलं की कृत्य महाभियोगाच्या कसोटीला उतरलं म्हणून काढणं हितावह ठरतंच असं नाही. पक्ष उलटे, एकवीस वर्षांचं अंतर, तर्क तोच. टेनेसीचे लमार अलेक्झांडर यांनी किंचित वेगळं केलं: आरोप सिद्ध झाला, वर्तन अनुचित होतं, पण घटनेच्या उंच पायरीपर्यंत पोचत नाही, आणि निवडणूक जवळ आहे. म्हणजे त्यांनी पाचव्या प्रश्नातला विचार दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात घातला. मसुद्याच्या दृष्टीनं हे चतुर आहे, कारण ‘अपराध पायरीचा आहे पण मी शपथेविरुद्ध सोडतोय’ असं म्हणावं लागत नाही. बर्ड आणि रुबियो जास्त उघडपणे बोलले आणि त्यामुळेच जास्त अडचणीत आले.

न्यायाधीश आणि राष्ट्राध्यक्ष यांना एकच माप लावायचं का, हा यातला पोटप्रश्न. घटनेत कारणांची यादी सगळ्यांना एकच आहे. 1999 मध्ये अभियोक्त्यांनी दाखवलं की क्लेबॉर्न खोट्या करविवरणांसाठी आणि वॉल्टर निक्सन ग्रँड ज्युरीपुढे खोटं बोलल्याबद्दल पदावरून गेले. मग राष्ट्राध्यक्षाला सूट का? उत्तर देणाऱ्यांनी न्यायाधीशांच्या ‘सद्वर्तन असेपर्यंत’ या मुदतीचा, म्हणजे त्यांना कधीच निवडणुकीला सामोरं जावं लागत नाही याचा, आधार घेतला. ठीक आहे, पण ते लिहावं लागतं. 1989 मध्ये न्यायाधीशाला ‘दोषी’ आणि 1999 मध्ये राष्ट्राध्यक्षाला ‘निर्दोष’ म्हणणाऱ्या सिनेटरच्या निवेदनात हा परिच्छेदच नसेल तर ते अपुरं समजावं.

शपथेतल्या निःपक्षपातीपणाबद्दल फार अपेक्षा ठेवू नयेत. माघार घेण्याचा नियम नाही. 1868 मध्ये जॉन्सन पदावरून गेले असते तर सिनेटर बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाले असते, आणि त्यांनी ‘दोषी’ मत दिलं. जॉन्सन यांचे जावई डेव्हिड पॅटरसनही सिनेटर होते, त्यांनी ‘निर्दोष’ दिलं. दोघांचीही मतं मोजली गेली.

आता प्रत्यक्ष तपासणी. आधी मतदानाचा कागद घ्या, निवेदन नंतर. प्रत्येक आरोपकलमावरचं मत, शिवाय मधली सगळी मतदानं: अधिकारक्षेत्र, खारीज करण्याचा प्रस्ताव, साक्षीदार, हरकतीचे मुद्दे. मग निवेदन. जॉन्सन खटल्यातली लेखी मतं अधिकृत कामकाजाच्या तिसऱ्या खंडात आहेत, क्लिंटन खटल्यातली निवेदनं सिनेटनं छापलेल्या चौथ्या खंडात. बाकीची काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या अधिकृत कामकाज-नोंदीत, मिळतात. वृत्तपत्रांना दिलेलं पत्रक आणि रेकॉर्डमधलं निवेदन एक नसतं. पत्रकात पाचवं कारण ठळक असतं, रेकॉर्डमध्ये पहिलं किंवा दुसरं. फरक दिसला तर रेकॉर्ड धरा, पण फरकाची नोंद ठेवा. तारीखही पाहा. नियमांनुसार अंतिम विचारविनिमय बंद दाराआड होतो, प्रत्येकाला एकदाच, पंधरा मिनिटं. 1999 मध्ये तसंच झालं आणि सिनेटरांना आपापली भाषणं नंतर प्रसिद्ध करायची मुभा दिली गेली. 2020 मध्ये 3 ते 5 फेब्रुवारीला खटला तहकूब ठेवून सिनेटरांनी उघड सभागृहात प्रत्येकी दहा मिनिटांपर्यंत भाषणं केली, मतदानाआधी. सहकाऱ्यांचं मन वळवायला केलेलं भाषण आणि मतदारांना समजावायला मागाहून लिहिलेलं निवेदन यांचं वजन सारखं नाही.

‘हजर’ असं मत आणि प्रत्यक्ष गैरहजेरी यांतही गल्लत करू नका. दोन-तृतीयांश मोजतात ते हजर सदस्यांमधून. गैरहजर राहिलं की भाजक कमी होतो आणि दोषसिद्धी सोपी होते. उभं राहून ‘हजर’ म्हटलं की भाजक तसाच राहतो आणि परिणाम ‘निर्दोष’सारखाच पडतो. तटस्थतेचा दावा करणारं निवेदन या हिशेबानं तपासावं.

शेवटी सामूहिक निर्णय आणि वैयक्तिक कारण वेगळं ठेवा. 17 एप्रिल 2024 रोजी अंतर्गत सुरक्षामंत्री अलेहांद्रो मयोर्कास यांच्यावरची दोन्ही आरोपकलमं सिनेटनं सुनावणीशिवाय घटनाबाह्य ठरवली, ती हरकतीच्या मुद्द्यावर: पहिलं 51-48, दुसरं 51-49. इथे ‘आरोप पायरीचा नाही’ हे कारण प्रश्नातच लिहिलेलं होतं, म्हणून ते सिनेटचा पायंडा म्हणून उद्धृत करता येतं, मग एकेका सिनेटरच्या मनात काहीही असो. 2021 च्या 43 मतांबाबत तसं करता येत नाही. तिथे प्रश्न होता फक्त दोषी की निर्दोष, आणि कारणं शोधायची तर प्रत्येक निवेदन वेगळं उघडावं लागतं.